आवस खंय होती? गणपतीपुळ्याच्या पिल्लाचं प्रकरण

दिवाळीची अमावस्या सरत होती आणि गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोमवार, 13 नोव्हेंबर 2023. त्या दिवशी देवमाशाचं एक पिल्लू पुळणीवर येऊन रुतलं, जिवंत. पुढचे जवळजवळ चाळीस तास वनखात्याची माणसं, तटरक्षक दल, जीवरक्षक, गावकरी आणि सुट्टीला आलेले पर्यटक त्या एका जिवाभोवती होते. ओल्या चादरी, बादल्यांनी पाणी, सलाईन, दोर आणि भरतीची वाट. शेवटी ते ओढून खोल पाण्यात सोडण्यात आलं. टीव्हीवर जल्लोष झाला. थोड्याच काळात ते पुन्हा किनाऱ्याला लागलं. या खेपेला मेलेलं.

घटना एवढीच, आणि ती सगळीकडे छापून आली. हे प्रकरण लिहायला बसले ते एका फोनमुळे.

भाऊबीजेला देवगडहून मामांचा फोन आला. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. चाळीसेक वर्षं दर्यावर, त्यातली निम्मीअधिक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणून. गुडघ्यांनी दगा दिल्यावर होडी मुलाकडे दिली, पण सकाळी बंदरावर जाऊन कोणाला काय पडलं हे विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ते बातम्या लावून बसले होते. म्हणाले, “ह्या पिल्लाक सोडल्यानी, बरा केल्यानी. पण माका सांग गो बाये, आवस खंय होती?”

आवस म्हणजे आई. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आदल्या दिवशी त्या गर्दीत दोन तास उभी होते. सस्तन प्राण्यांवर पेपर काढून काढून माझे केस पिकले. आणि सस्तन प्राण्याचं दूधपितं पोर एकटं पडलेलं बघून जो पहिला प्रश्न पडायला हवा, तो मला पडला नव्हता.

पिल्लू कोणाचं

गर्दीत लांबीचा लिलाव चालला होता. कोणी वीस फूट म्हणे, कोणी पंचवीस. एक काका तीसच्या खाली उतरायला तयार नव्हते. एवढं मोठं धूड बघून ‘पिल्लू’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसत नव्हता. माझ्या शेजारचा एक मुलगा वडिलांना विचारत होता, “पिल्लू एवढं, तर मोठा केवढा?” वडील मोबाइलवर शूटिंग करत होते.

त्या मुलाचा प्रश्न वरवर वाटतो तितका साधा नाही. बातम्यांनी त्याला निळ्या देवमाशाचं पिल्लू म्हटलं, आणि मीही तेच धरून चालते. पण आपल्या समुद्रात ब्राइड जातीचा देवमासाही आहे, आणि तो किनाऱ्याला जास्त जवळचा. 2016 च्या जानेवारीत जुहूच्या चौपाटीवर मेलेला लागला तो ब्राइडच होता. दोघांतला फरक डोक्यावर पाहायचा असतो. ब्राइडच्या तुंडावर, म्हणजे डोक्याच्या पुढच्या निमुळत्या भागावर, तीन लांब उंचवट्याच्या रेषा असतात, मधली ठळक आणि दोन बाजूंच्या. निळ्याच्या तुंडावर मधली एकच. शिवाय निळ्याचा पाठीवरचा पंख आकाराला हास्यास्पद लहान आणि पार शेपटीकडे सरकलेला, तर ब्राइडचा कोयत्यासारखा वळलेला. गर्दीतून मला ओली चादर तेवढी दिसत होती.

जात महत्त्वाची अशासाठी की तिच्यावर वय ठरतं. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच सुमारे 7 मीटरचं, म्हणजे 23 फुटांचं असतं, वजन दोन-तीन टन. ब्राइडचं जन्मतं जेमतेम 4 मीटरचं आणि सहाएक महिन्यांनी, 7 मीटरच्या आसपास, दूध सोडतं. तेव्हा गर्दीतल्या सरासरीने पंचवीस फूट धरले, तर तेच पिल्लू ब्राइडचं असेल तर नुकतं दूध सुटलेलं, स्वतःचं पोट भरायला शिकू लागलेलं. आणि निळ्याचं असेल तर जन्मून फार दिवस न झालेलं तान्हं. एकाला समुद्रात सोडण्यात काही अर्थ आहे. दुसऱ्याला आईशिवाय सोडणं म्हणजे काय, हे कोकणातल्या कुठल्याही बाईला सांगायला नको.

दुधाचा हिशेबही इथेच मांडते. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि आपण त्याला घट्ट म्हणतो. मोठ्या देवमाशांच्या दुधात तो पस्तीसपासून पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. निळ्याचं पिल्लू त्यावर दिवसाला नव्वदएक किलोने वाढतं. गोडं पाणी समुद्रात नाही, त्यामुळे त्याची तहानही त्याच दुधाने भागते. चाळीस तास वाळूत म्हणजे चाळीस तास अन्न नाही आणि पाणीही नाही.

याआधी 2015 च्या जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत लागला होता. 42 फूट. तिथेही लोकांनी पाणी मारलं, ढकलायचा प्रयत्न केला, तो मेला. त्या वेळी ‘महाकाय’, ‘अजस्र’ असे मथळे आले. मी तेव्हा ते वाचून पान उलटलं. आज तोच आकडा पाहिला की वाटतं, 42 फूट म्हणजे साधारण 13 मीटर, म्हणजे दूध तुटण्याच्या आगेमागेचं लेकरू. आकाराने आपल्याला फसवलं. आठ वर्षांत कोकणच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाची निदान दोन लेकरं मेली, आणि पहिल्याला आपण लेकरू म्हटलंसुद्धा नाही.

तिकडची आई

मामांना उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले. देवमाशाची आई पिल्लाला घेऊन समुद्राचा कुठला भाग वापरते, यावर जगात बरंच काम झालं आहे. ते बहुतेक कुबड्या देवमाशावर, म्हणजे हंपबॅकवर, आणि काही राइट जातीवर. कारण सोपं आहे. हे दोघे विणीला ठरलेल्या जागी, ठरलेल्या हंगामात, किनाऱ्याजवळ येतात. शास्त्रज्ञाला होडी काढून जाऊन बसता येतं.

हवाई बेटांचं उदाहरण सगळ्यात जास्त अभ्यासलेलं. थंडीत अलास्काकडून हजारो मैल पोहत कुबड्या माद्या तिथे येतात आणि व्यातात. मावी बेटाच्या आसपास वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्यावर दिसलं ते असं की पिल्लू नसलेली जनावरं आणि एका मादीमागे धावणारे नरांचे जथे खोल पाण्यात, तर पिल्लूवाल्या आया किनाऱ्याला लागून, उथळात. हेच ब्राझीलच्या अब्रोल्होसच्या उथळ पट्ट्यावर दिसतं.

उथळात का, यावर दोन-तीन मतं आहेत आणि मला त्यांतलं नरांचं कारण सगळ्यात पटतं. शार्क आणि किलर व्हेल उथळात कमी हल्ला करू शकतात, लाटांचा मार कमी बसतो, ही कारणं खोटी नाहीत. पण मावीजवळच्या अभ्यासात दिसलं की बाळंतिणीच्या मागे नर लागले की तिला वेगाने पोहावं लागतं, विश्रांती तुटते, आणि जितकं पाणी उथळ तितके ते कमी मागे लागतात. उथळात खालून येऊन घेरता येत नाही. बाळंतिणीची खोली आतल्या बाजूला असते, दारातून कोणी भसकन शिरू नये म्हणून. माझ्या आजोळी माजघराच्याही पलीकडे होती. मला ते उथळ पाणी वाचताना तीच खोली आठवत राहिली.

त्या खोलीत आई करते काय? बहुतेक वेळ पडून राहते. कुबडी मादी विणीच्या जागी महिनोन्‌महिने काही खात नाही. उन्हाळ्यात थंड समुद्रात साठवलेल्या चरबीवर स्वतः जगते आणि त्यातूनच दूध करते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर राइट जातीच्या आयांची ड्रोनने मापं घेतली तेव्हा आढळलं की तीन महिन्यांत त्यांच्या शरीराचं घनफळ सरासरी चौथ्या हिश्श्याने घटलं, आणि तेवढ्या काळात पिल्लं रोज तीन सेंटिमीटरहून जास्त लांब होत होती. म्हणजे आई अक्षरशः पिल्लात ओतली जात असते. अशा वेळी तिने उगाच केलेली प्रत्येक हालचाल, होडीला बिचकून मारलेली प्रत्येक बुडी, पिल्लाच्या दुधातून कापली जाते.

आणखी एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एक्समाउथ आखातात कुबड्या पिल्लांच्या अंगावर चूषकाने चिकटणारी यंत्रं लावली. कुबडा नर गातो तेव्हा ते मैलोन्‌मैल ऐकू जातं. पिल्लं मात्र आईशी इतक्या हळू बोलत होती की शंभरेक मीटरच्या पलीकडे काही पोचू नये. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कुजबुज का, तर शिकारी आणि नर, दोघांनाही सुगावा लागू नये म्हणून असणार. पण कुजबुजीला शांतता लागते. वर होडीचं इंजिन सुरू असलं की आईचा आवाज पिल्लाला आणि पिल्लाचा आईला पोचत नाही.

इकडची आई

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तकडली उपास करता. हयली कित्याक उपास करीत? हयसर मासो आसा.”

तिथे माझं सगळं वाचन अडखळलं. रत्नागिरी 17 अंश उत्तरेला, हवाई 20 च्या आसपास. पाण्याच्या उबेच्या कसोटीवर आपला समुद्र सहज पास. नकाशा बघून कोणालाही वाटेल की इथे उथळात आया असणारच. पण थंड समुद्रात जेवायचं आणि उबदार समुद्रात उपाशी राहून व्यायचं, ही विभागणी अरबी समुद्रातल्या देवमाशांना लागूच नाही. उत्तरेला जमीन आहे. ध्रुवाकडे जायला वाटच नाही.

अरबी समुद्रातला कुबडा देवमासा तर जगात एकटाच. बाकीचे कुबडे स्थलांतर करतात, हा इथेच खातो आणि इथेच वितो. जनुकांवरून दिसतं की तो सुमारे 70,000 वर्षं इतरांपासून तुटून आहे. ओमानच्या किनाऱ्यावर फोटो ओळखून काढलेला त्यांचा अंदाज 82 होता, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या एका तुकडीएवढा. 1965 आणि 1966 च्या नोव्हेंबरांत मिळून सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात 242 कुबडे मारले, त्याचा वण अजून भरलेला नाही. 2017 मध्ये ओमानमध्ये ‘लुबान’ नावाच्या एका मादीच्या अंगावर उपग्रह-यंत्र बसवलं. ती डिसेंबरात सरळ समुद्र ओलांडून भारताकडे आली, गोव्याच्या बाहेरून दक्षिणेला उतरली आणि पुढे परत गेली. आपल्या दारावरून गेली आणि आपण नाताळच्या गर्दीत होतो. ओमानमध्येसुद्धा पिल्लासह आया फार कमी दिसल्या आहेत.

ब्राइडही लांब जात नाही, उबदार पाण्यातच राहतो आणि थव्याने फिरणारे छोटे मासे खातो. दक्षिण आफ्रिकेच्या किनारी ब्राइडमध्ये तर विणीचा हंगाम असा नाहीच, वर्षभर केव्हाही. आता निळा. उत्तर हिंदी महासागराचा निळा देवमासा अंटार्क्टिककडे जात नाही. लक्षद्वीपजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनी त्याचं गाणं टिपलं, जास्त करून पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये. श्रीलंकेजवळ त्याच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हा त्यात सर्जेस्टिड कुळातली कोलंबी मुख्य निघाली. कुळाचं नाव बोजड आहे, पण ओळख घरची: आपला जवळा याच कुळातला. पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं जनावर आपल्या सुकटीच्या डब्यातल्या जिनसेच्या चुलतभावावर जगतं. (हे वर्गात सांगितल्यावर पहिल्यांदाच मागच्या बाकावरून कोणीतरी प्रश्न विचारला.)

तेव्हा इकडची आई उपाशी पडून राहत नाही. तिला पिल्लाला पाजायचंही आहे आणि स्वतः जेवायचंही आहे, एकाच समुद्रात, एकाच दिवसात. माझ्या मते कोकणच्या संदर्भात सगळ्यात मोठा फरक हाच. तिकडे समुद्राची ती जागा बाळंतिणीची खोली आहे. इकडे तीच खोली आणि तेच स्वयंपाकघर.

आता जेवण कुठे, हे पाहिलं की खोलीची जागाही कळते. ब्राइड पृष्ठभागाजवळच्या तारलीच्या किंवा बांगड्याच्या थव्यावर तोंड वासून झेपावतो. त्याचं पिल्लू बाजूला राहू शकतं. निळ्याचं तसं नाही. तो जवळ्याच्या भाऊबंदांमागे खोल बुडी मारतो, आणि श्रीलंकेत तो खंडाच्या पायरीच्या कडेला, जिथे तळ एकदम खाली जातो, तिथे जास्त दिसतो. पिल्लाला तेवढा दम नसतो. आई खाली जेवत असताना ते वर एकटं, पाण्याच्या वरच्या थरात, जिथे जहाजं असतात आणि तरंगती जाळी असतात.

आणि आपली ती कडा कुठे आहे? मुंबईबाहेर खंडाची पायरी तीनशे किलोमीटरच्या घरात रुंद आहे. दक्षिणेला ती अरुंद होत जाते, तरी विजयदुर्गासमोरचा आंग्रिया बँक, कान्होजींच्या नावाचा तो बुडालेला उंचवटा, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे. कडा त्याच्याही पलीकडे. गणपतीपुळ्याची पुळण आणि निळ्या आईचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एवढं अंतर.

याला छेद देणारी एक नोंद आहे, ती सांगितली पाहिजे. 2015 मध्ये, रेवदंड्याच्या थोडं आधी, सिंधुदुर्गाच्या समुद्रात देवमासे आणि डॉल्फिन यांचा अभ्यास करणाऱ्या कोकण सिटेशियन रिसर्च टीमने निळे देवमासे पिल्लासह दिसल्याचं सांगितलं होतं. ‘शंभर वर्षांनी’ असे मथळे आले. तेही कुणकेश्वराच्या बाजूला, म्हणजे कडेपासून पुष्कळ अलीकडे. मामा म्हणाले, “शंभर वर्सांनी तेंका दिसलो. आमका इचारल्यानी कोणी?”

मग आई कुठे होती

एक शक्यता, ती मेली. जहाजाची धडक किंवा जाळं. श्रीलंकेत निळ्या देवमाशांना जहाजांची धडक हा मोठा धोका मानला जातो, आणि आपल्या किनाऱ्यासमोरूनही मालवाहू जहाजांची रांग असते. खोल समुद्रात मेलेला निळा देवमासा किनाऱ्याला लागेलच असं नाही. दुसरी शक्यता, पिल्लूच आजारी होतं आणि मागे पडलं. त्याबद्दल शवविच्छेदनाशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

मला सगळ्यात जास्त छळते ती तिसरी: आई जिवंत होती, जवळ होती, आणि दोघांची चुकामूक झाली. नोव्हेंबर म्हणजे पावसाळ्यानंतरचा भर हंगाम. दिवाळीच्या मागेपुढे बांगडा, तारली दोन्ही पडतात. पर्ससीनच्या होड्या, ट्रॉलर, गिलनेट सगळे बाहेर. मासा किनाऱ्याकडे असेल तर आईही आत येणार, आणि हवाईच्या आईला जे उथळ पाणी माजघर वाटतं ते इथे जाळ्यांनी विणलेलं आहे, गढूळ आहे आणि इंजिनांनी भरलेलं आहे. कुजबुजीवर चालणारं नातं अशा पाण्यात किती टिकणार? पिल्लू दिशा चुकलं, उधाणाच्या पाण्याने वर चढलं, ओहोटीने उघडं पडलं. उधाणाची भरती सगळ्यात उंच नेऊन ठेवते आणि उधाण उतरलं की पाणी तिथवर पोचत नाही, हे गणपतीपुळ्याच्या पोरासोरांनाही माहीत असतं.

हे सिद्ध झालेलं नाही, माझा कयास आहे. पण तो खरा असण्याची शक्यता जरी धरली, तरी त्या चाळीस तासांत एक काम करायला हवं होतं: दोन-चार होड्यांनी समोरच्या समुद्रात आईला शोधायचं. सगळे डोळे वाळूकडे होते. माझेही.

सोडण्याबद्दल मी स्पष्ट लिहिते, कोणाला राग आला तरी. ज्यांनी रात्र जागून त्याच्यावर पाणी ओतलं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, मी तर दोन तासांत घरी आले. पण पाण्याबाहेर देवमाशाचं वजन त्याच्याच फुप्फुसांवर बसतं. चरबीच्या थरामुळे उन्हात तो आतून शिजायला लागतो. दाबलेले स्नायू फुटतात, त्यातला कचरा मूत्रपिंडात जाऊन अडकतो, आणि पाण्यात परत गेल्यावरही ते नुकसान चालूच राहतं. त्यात तान्हं. आईचा पत्ता नसताना त्याला खोल पाण्यात नेऊन सोडणं हे आपल्या समाधानासाठी होतं. जगात अशा वेळी पशुवैद्य कधीकधी इंजेक्शन देऊन शांतपणे शेवट करतात. आपल्याकडे तो शब्द उच्चारायला कोणी धजावत नाही, आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत तो निर्णय कोणा एका डॉक्टरवर टाकणंही चूक. पण निर्णयाची ती पायरी आधीपासून कागदावर असायला हवी. जात कोणती, दूधपितं की नाही, आई दिसते का: एवढं पहिल्या दोन-तीन तासांत ठरवता येतं, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

मामांची वही

आईला शोधायचं तर आया एरवी कुठे असतात हे माहीत हवं. मेलेल्यांच्या नोंदी आपल्याकडे आहेत, कारण मेलेला देवमासा वास मारतो. जिवंत जोडीची नोंद होत नाही. ती पाहतात तांडेल आणि खलाशी, आणि घरी येऊन जेवून झोपतात.

मी मामांना वही दिली. त्यांनी ती नातवाला गृहपाठाला दिली. मग व्हॉट्सअॅपवर आवाजातच सांगायचं ठरलं. मामांच्या ओळखीचे देवगड-विजयदुर्गाकडचे दहा-बाराजण आहेत. विचारायचं फार थोडं: किती वाव (वाव हे खोलीचं माप) पाणी होतं, सोबत लहान होतं का, मोठा वर झेपावत होता की पडून होता, जवळ मासा कुठला होता, आणि लहान एकटं किती वेळ वर राहिलं. शेवटचं मी मुद्दाम घातलं. आई जेवायला खाली गेली की नाही हे त्यावरून कळेल.

सुरुवातीला कोणी बोलेना. कारण देवमाशाचा धाक नव्हे. देवमाशाला तर बहुतेकजण नमस्कारच करतात. एकाने सरळ विचारलं, “ताई, उद्या हयसर मासेमारी बंद केलास तर?” मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा 1987 ची, आणि त्याला झालेला विरोध अजून मच्छीमारांच्या घराघरात ताजा आहे. त्यांना खोटं आश्वासन द्यायचं नव्हतं. जागा कोणाला नेमकी सांगायची नाही, फक्त खोली आणि महिना लिहायचा, असं ठरवल्यावर दोघे-तिघे बोलू लागले. 2018 पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं. पण फोटो काढायला लागतो, आणि जाळ्यात तडफडणाऱ्या जनावरासमोर मोबाइल धरायला तिसरा हात कोणाकडे असतो?

आलेल्या नोंदी अजून ओंजळभर आहेत. बहुतेक ‘मोठो मासो’ एवढंच. काही तर उघडच गादे, म्हणजे डॉल्फिन. कुबडी पाठ असलेली गाद्याची आई पिल्लाला घेऊन खाडीच्या तोंडाशी फिरते, ती सगळ्यांनाच दिसते. देवमाशाची जोडी वाटावी अशी नोंद एकच, गेल्या माघातली, मामांच्या मुलाची. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला आहे. तो म्हणतो, जाळं टाकायच्या आधी मोठा एकदा वर आला आणि गेला. लहान तिथेच राहिलं. “तेणा आमच्या होडयेक आवस समाजला की काय देव जाणा, बाजूक येवन रवला. आमी इंजान बंद केला. कोण बोलाक नाय. बऱ्याच येळान मोठो वर इलो, आनि दोगां गेली.”

मी विचारलं, किती वाव पाणी होतं?

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, वजन लावलेला दोर हाताशीच होता. टाकायचा कोणाच्या लक्षात राहिला नाही.

त्या नोंदीपुढे खोलीचा रकाना कोरा आहे.